बाबांचा बार्सिलोनातला बाजार

आम्ही बार्सिलोनाला निघालोय हे कळल्यावर दुबई मरीनातल्या माझ्या मैत्रिणीने फोनवर भलीमोठी यादी पाठवली. लेदरच्या पर्सेस कुठे घ्यायच्या, सुतळीच्या तळाच्या चपला कुठल्या गल्लीत मिळतात, केशर कुठलं खरं आणि कुठलं खोटं, आउटलेटला जाणारी बस कुठून सुटते, सगळं त्यात होतं. खरेदीसाठी दुबईहून बाहेर जाणारी माणसं मला हास्यास्पद वाटतात. यादीची मात्र मी ऑफिसात गुपचूप प्रिंट काढून घेतली. माझा स्वभावच तसा आहे, हसायचं आणि करायचंही.

आम्ही चौघं होतो. मी, नवरा, तेरा वर्षांची मुलगी आणि माझे सासरे. सासऱ्यांना मीही बाबाच म्हणते. त्यांनी सांगलीच्या एका हायस्कुलात तीस वर्षं भूगोल शिकवला. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना दुबईत, अल बर्शाच्या आमच्या फ्लॅटवर आणलं, त्याला दोन वर्षं होत आली होती. सहलीहून परतलं की त्यांचा व्हिसा पुन्हा वाढवायचा होता. पंचाहत्तरीचा माणूस, एक गुडघा कायम दुखणारा, सांगलीच्या घरात एकटा कसा राहणार? आमच्या लेखी विषय मिटलेला होता. व्हिसाचं काढलं की बाबा 'बघू' म्हणायचे. त्याचा अर्थ आम्ही 'हो' असाच घ्यायचो, कारण तो सोयीचा होता.

आमचं घर सकाळी सातला रिकामं होतं. मुलगी शाळेच्या बसमध्ये, नवरा त्याच्या साइटवर, मी सिलिकॉन ओएसिसमधल्या ऑफिसच्या रस्त्याला. परत येईपर्यंत संध्याकाळचे सात. भाजी, किराणा, औषधं सगळं फोनवरून मागवायचं. माणूस दारात पिशवी ठेवतो, बेल वाजवतो आणि आपण दार उघडेपर्यंत लिफ्टमध्ये असतो. सुरुवातीला बाबा खालच्या सुपरमार्केटमध्ये जायचे. तिथे भाजी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली आणि पैसे मशीनवर. "बोलायचं कुणाशी, वजनकाट्याशी?" असं एकदा म्हणाले आणि जाणं बंद केलं. मी ते ऑफिसात विनोद म्हणून सांगितलं होतं.

बार्सिलोनाला यायला मात्र ते एका पायावर तयार झाले. कोरडा उन्हाळा, हिवाळ्यात पाऊस, ऑलिव्ह, द्राक्षं, लिंबूवर्गीय फळं, हे भूमध्य सागरी हवामान त्यांनी जन्मभर फळ्यावर लिहिलं होतं. "एकदा खरं आहे का ते बघून येतो," म्हणाले.

पहिल्या दिवशी मी सगळ्यांना मैत्रिणीच्या यादीतल्या मोठ्या रस्त्यावर नेलं. दुतर्फा झाडं, नक्षीदार इमारती आणि खाली एकजात तीच दुकानं, जी आमच्या घरापासून मेट्रोने वीस मिनिटांवर आहेत. "मॉम, वुई हॅव दिस अ‍ॅट होम," मुलगी म्हणाली. नवरा दर दुकानाबाहेर "यल्ला, चला" करत उभा. बाबा एका बाकावर बसून झाडांची सालं बघत होते. मी हट्टाने एक पर्स घेतली आणि संध्याकाळपर्यंत सगळ्यांवर चिडत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी उठले तर बाबा जागेवर नव्हते. आम्ही ग्रासिया भागात एक छोटं घर भाड्याने घेतलं होतं. साडेदहाला ते आले, हातात कागदाची पुडी, पुडीत दोन टोमॅटो. कुठे होतात विचारलं तर "फिरून आलो." तिसऱ्या दिवशी तसंच, या वेळी एका डब्यात शिजवलेले काबुली चणे. गरम मसाला आपण बरोबर नेतोच, त्यांनी स्वतः उसळ केली. पण दोन टोमॅटो आणि पाव किलो चणे आणायला दीड तास? भाषा येत नाही, रस्ते माहीत नाहीत. मला राहवेना. चौथ्या दिवशी मी चप्पल घालून त्यांच्या मागोमाग निघाले, आणि नको म्हणत असताना मुलगीही आली.

दोन चौक ओलांडून ते एका मंडईत शिरले. पर्यटकांची नव्हे, त्या वस्तीतल्या बायका चाकांच्या पिशव्या ओढत येतात ती. एका गाळ्यावर नुसती शिजवलेली कडधान्यं मांडलेली. चणे, मसूर, पांढरे घेवडे, परातीच पराती. समोर रांग नव्हतीच. सातआठ जणी इकडेतिकडे पांगलेल्या, एक शेजारच्या गाळ्यावर कांद्याची पात निवडतेय, एक बाकावर टेकलेली. बाबा मधोमध गेले, हात पाठीशी बांधले आणि वर्गात विचारावं तसं खणखणीत म्हणाले, "उल्तिमो?"

बाकावरच्या आजींनी हात वर केला. बाबांनी मान डोलावली आणि निवांत टोमॅटो बघायला गेले. दोन मिनिटांनी आणखी एक बाई आली, तिनेही तोच शब्द टाकला, आणि या वेळी हात वर केला माझ्या सासऱ्यांनी.

"मॉम, ही'ज इन अ क्यू," मुलगी कुजबुजली. "बट देअर इज नो क्यू."

पकडल्या गेल्यावर बाबा जराही ओशाळले नाहीत. उलट आम्हाला शिकवायलाच लागले. आलं की शेवटचा कोण ते विचारायचं. जो हात वर करेल त्याच्यामागे आपला नंबर. मग आपण शेवटचे. पुढचा येऊन आपल्याला विचारेपर्यंत तिथून हलायचं नाही, नंतर कुठेही फिरा. नंबराचा कागद नाही, दोरी नाही, आणि कुणी मध्ये घुसत नाही. "पहिल्या दिवशी मी नुसता उभा होतो," ते म्हणाले, "तर एकीने मलाच विचारलं. मी आपला मान हलवली. तिला वाटलं मीच. मग काय, घ्यावेच लागले टोमॅटो." ते टोमॅटो पावावर चोळायचे असतात, माळेत टांगून ठेवले तर हिवाळाभर टिकतात, ही माहितीही त्यांना हातवाऱ्यांतून मिळाली होती. चणेवाल्या बाईंना तीन मुलगे आहेत हेही. मी थक्क झाले. अल बर्शात आमच्या मजल्यावर किती घरं आहेत, हे मला दहा वर्षांत ठाऊक झालेलं नाही.

शनिवारी, आमच्या शेवटच्या दिवशी, बाबांचा गुडघा सुजला. त्यांनी मला डबा दिला. "तू जा. चणे आण. विचारायला विसरू नकोस."

मी गेले, विचारलं, एकीने हात वर केला. मला फार शहाणं झाल्यासारखं वाटलं. माझा नंबर आला, मी डबा पुढे केला, आणि चणेवाल्या बाईंनी डबा ओळखला. त्यांनी बोटांनी डोळ्यांवर गोल चष्मा केला, मग दोन्ही हात पाठीशी बांधून ताठ उभ्या राहिल्या. हुबेहूब बाबा. मग भुवया उंचावल्या. मागच्या दोघीतिघीही माझ्याकडे बघायला लागल्या. मी फोनवर शब्द शोधून गुडघ्याचं सांगितलं. बाई हळहळल्या, एक डाव जास्त घातला आणि काहीतरी म्हणाल्या. फोनने सांगितलं, सोमवारी त्यांना पाठवा. सोमवारी आम्ही दुबईत असणार होतो, ते मला सांगवलं नाही.

घरी येऊन मी बाबांना म्हटलं, "तुमच्या चणेवाल्या बाई विचारत होत्या."

"काय?"

"आज का आला नाहीत म्हणून."

त्यांनी डबा उघडून आत बघितलं. "जास्त दिलेत," म्हणाले. झाकण लावलं. मग म्हणाले, "सूनबाई, माझा व्हिसा वाढवू नका. मला सांगलीला जायचंय."

माझं डोकंच फिरलं. आम्ही काय कमी केलं, जेवणखाण, डॉक्टर, स्वतंत्र खोली, सगळं मी एका दमात ऐकवलं. "आणि तिथे बाथरूममध्ये पडलात तर? कोण बघणार तुम्हाला?"

"पडेन की," बाबा शांतपणे म्हणाले. "पण तिथे पडलो तर सकाळी नऊला मंडईत कुणीतरी म्हणेल, मास्तर आज दिसले नाहीत. तुझ्याकडे पडलो तर संध्याकाळी सातला कळेल."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मी भांडले असते.

मी आतल्या खोलीत गेले. नवरा बॅगा भरत होता. त्याला म्हटलं, "बाबांना सांगलीला सोडायला मी जाईन. रजा मी काढते." तो काय झालं, काय झालं विचारत राहिला आणि मला रडू आवरेना.