भिंतीवरच्या पाठी

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बाप मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, पोती उचलायचा. हे मी लपवत नाही, उलट सांगत फिरतो. जरा जास्तच सांगता, असं बायको म्हणते. म्हणून पुण्याहून एक मुलगी कॅमेरा घेऊन आमच्या फुटबॉल क्लबवर माहितीपट काढायला आली, तेव्हा पाठीराख्यांतर्फे कोण बोलणार हा प्रश्नच आला नाही. भिंतीवरचे सगळे म्हणाले, ग्रॅज्युएटला बोलू द्या, त्याला लई शुद्ध येतं.

भिंत म्हणजे छावणीच्या बाजूच्या मैदानाची. आम्ही रविवारी तिच्यावर पाय सोडून बसायचो. एक जाडा फळवाला, दोघं रिक्षावाले, कोर्टातला एक शिपाई, चिकलठाण्याला कंपनीत जाणारी चार पोरं आणि विमा कार्यालयातला मी. क्लब आमचा हरायचा. गोलाची जाळी सुतळीनं बांधलेली, पोरांच्या जर्शा वेगवेगळ्या सालातल्या, त्यामुळं हिरवा रंगसुद्धा तीन तऱ्हेचा. पण दुसऱ्या क्लबच्या मैदानावर आमच्यापैकी कुणी कधी गेलं नाही. त्याचा आम्हाला माज होता म्हणा ना.

आणि आमची एक रीत होती. आपल्यावर दोन गोल बसले की भिंतीवरच्या सगळ्यांनी मैदानाकडं पाठ फिरवायची. ही रीत रागातून आली नव्हती. फार वर्षांपूर्वी एक म्हातारा पाठीराखा पान थुंकायला मागं वळला आणि तेवढ्यात आपला गोल झाला. म्हातारा म्हणाला, आपलीच नजर लागते पोरांना. तेव्हापासून हरायला लागलो की वळायचं, आणि काही ऐकू आलं तरी मागं बघायचं नाही, बघितलं की उतारा फुकट. म्हातारा गेला. हळूहळू त्या वळण्यात नजर राहिली नाही, टिंगल राहिली. पाठ करून शेंगा खायच्या, खेळाडूंच्या नावानं जोक मारायचे, आणि कंटाळा आला की रस्त्याच्या बाजूला उड्या टाकून चहाला जायचं. शहरात आमच्या या रीतीचं कौतुक होतं. मीही चार लोकांत ते रंगवून सांगायचो.

कॅमेऱ्यासमोर मी काय बोललो ते मला पाठ आहे, कारण आदल्या दिवशी मी ते लिहून काढलं होतं. म्हणालो, हा क्लब हरत असेल, पण आम्ही त्याला कधी एकटं पडू दिलं नाही. पडूही देणार नाही. मुलीनं मान डोलावली. मग म्हणाली, काका, हा छोटा माइक आज मॅचभर कॉलरला राहू द्या. मी राहू दिला, आणि थोड्या वेळानं विसरलो. ती कॅमेरा घेऊन मैदानाच्या पलीकडच्या अंगाला गेली, तीही डोळ्यांआड झाली.

सिनेमा तयार झाल्यावर मोहल्ल्यातल्या शादीखान्यात रविवारी सकाळी दाखवायचं ठरलं. मी बायकोला ठेवणीतलं लुगडं नेसायला लावलं. सिल्लोडहून मेव्हण्याला बोलावलं, तो जीप भरून माणसं घेऊन आला. मी पडद्यावर आलो तेव्हा मेव्हण्यानं शिट्टी मारली. माझं वाक्य संपलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागं वळून किती लोक आहेत ते मी बघून घेतलं.

त्याच टाळ्यांवर पुढचं चित्र आलं. पलीकडून घेतलेलं. मैदान, मैदानात आमची पोरं, आणि त्यांच्यामागं भिंत. भिंतीवर ओळीनं पाठी. लोक हसले. आम्हीही हसलो, आमचीच तर रीत.

मग आमचा डावा बॅक चेंडू घेऊन पळायला लागला. हा पोरगा जालना रोडला बॅटरीच्या दुकानात कामाला. इतक्या वर्षांत त्यानं एक गोल केला नव्हता, बचावाला राहणाऱ्या बॅकचं ते कामही नव्हे. त्या दिवशी मात्र त्यानं दोघांना चुकवलं आणि लांबून मारला. चेंडू सुतळीच्या जाळीत गेला. खेळाडू ओरडले. तो कुणाच्या मिठीत थांबला नाही. दोन्ही हात वर करून सरळ भिंतीकडं पळत आला. अगदी आमच्या खाली आला. आणि पाठींच्या त्या ओळीकडं वर बघत उभा राहिला.

तेवढ्यात सभागृहात माझा आवाज आला, कॉलरच्या माइकातला. शुद्ध नव्हता तो. "घ्या, तिसरा बसला वाटतं. चला, चहा थंड होतोय." हसण्याचा आवाज आला, आणि पाठी एकेक करून पलीकडं उतरून गेल्या. पोराचे हात हळूहळू खाली आले.

शादीखान्यात कुणी हसलं नाही. त्या मॅचबद्दल आम्हाला संध्याकाळी कळलं होतं ते इतकंच, की तीन-एकनं हरलो. तो एक कुणाचा, हे कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

बायको पडद्याकडंच बघत होती. माझ्याकडं न वळता हळू म्हणाली, "मधला हिरवा-पिवळा स्वेटर मीच विणला ना हो?" मेव्हणा मोबाइल काढून उगाच बघत बसला.

सिनेमा संपल्यावर निघून जावं असं वाटत होतं, पण दारातच डाव्या बॅकचे वडील भेटले. त्यांचं गाद्या भरायचं दुकान आहे. गुडघ्यांमुळं ते मैदानावर कधी येत नाहीत, पोराचा खेळ त्यांनी पोराच्याच तोंडून ऐकलेला. त्यांनी माझा हात धरला. भिंतीवरचे बाकीचे माझ्यामागंच होते. पोरगा वडिलांची काठी घेऊन उभा होता.

म्हातारे म्हणाले, "बेटा, ये तो बोला था, गोल के बाद तुम लोगां इसको कंधे पे उठाए. वो इसमें दिखाए नै?"

विचारण्यात टोमणा नव्हता. तेवढाच तुकडा सिनेमावाल्यांनी का गाळला असेल, असं ते खरंच विचारत होते. मला काय उत्तर द्यावं ते क्षणात सुचलं, अशा वेळी मला सुचतंच. मी म्हणालो, "ते नंतर झालं चाचा. कॅमेरा बंद झाल्यावर."

फळवाल्यानं लगेच री ओढली, व्हय, मीच उचललं होतं, पार हॉटेलापर्यंत नेलं. शिपाई म्हणाला, माझी टोपी पडली त्या गर्दीत. दोन रिक्षावाल्यांनी माना हलवल्या. आम्ही इतके एकजीव कधी बोललो नव्हतो. म्हाताऱ्यांचा चेहरा उजळला. मला वाटलं, चला, पोराची अब्रू तरी राखली.

पोरानं काठी वडिलांच्या हातात दिली.

"नै उठाए, अब्बा. मैंच झूट बोला था."

मग तो आमच्याकडं वळून मराठीत म्हणाला, "तुम्ही कशाला खोटं बोलता? तुम्ही तर बघितलंच नव्हतं."

आवाज चढला नव्हता त्याचा. म्हातारे एकदा त्याच्याकडं, एकदा आमच्याकडं बघत राहिले. फळवाल्यानं बिचाऱ्यानं काहीतरी सावरायचं म्हणून, चल, आज उचलतो तुला, असं म्हणून हात पुढं केले. पोरगा म्हणाला, राहू द्या, अब्बांना घरी न्यायचंय. वडिलांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला आणि ते दोघं गेले, गुडघ्यांमुळं फार हळू. त्यांना ओलांडून पुढं जायची आमची छाती झाली नाही. सगळा शादीखाना आमच्यामागं तुंबला.

पुढच्या रविवारी पोरगा खेळायला येतो की नाही, याचा मला घोर लागला होता. आला. आम्हीही आलो, न ठरवता सगळे. दोन गोल बसले. कुणी वळलं नाही. शेंगांची पुडी कुणी सोडली नाही. हरणारा संघ शेवटपर्यंत बघत बसणं किती जड असतं, हे आम्हाला माहीतच नव्हतं.

शेवटी शेवटी चेंडू आमच्या बाजूला बाहेर आला. थ्रो घ्यायला डावा बॅक भिंतीखाली आला. आम्ही टाळ्या वाजवल्या. फळवाल्यानं तर त्याचं नाव घेऊन हाक मारली. त्यानं चेंडू डोक्यावर धरला, मैदानात कोण मोकळा आहे ते बघितलं आणि फेकला.

थ्रो घेताना पाठ भिंतीकडंच राहणार, खेळच तसा आहे. हे मला कळतं. तरी तो परत आत पळेपर्यंत मी त्या पाठीकडं बघत होतो, आणि टाळ्या कधी थांबवाव्यात ते मला कळत नव्हतं.