कांगारूची पिशवी
डांबरगोळ्यांचा वास आला की कपाटातला तो तपकिरी मखमली झगा आठवतो. लेकीच्या बालवाडीत प्रत्येक मुलाने आईबरोबर एका देशाचा राष्ट्रीय प्राणी व्हायचं होतं आणि आमच्या वाट्याला ऑस्ट्रेलियाचा कांगारू आला. पवईच्या ऑफिसातून दमून आल्यावर मी तो झगा शिवला, पोटाशी मोठी पिशवी लावली. कार्यक्रमाच्या दिवशी चारकोपच्या हॉलमध्ये तो घालून हात पसरले, तर लेक तिला दिवसभर सांभाळणाऱ्या मावशींनाच बिलगली. "मी मावशीच्या पिशवीत बसणार!" मावशी ओशाळल्या. "नको गो बाय, आवशीकडे जा." लेकीने भोकाड पसरलं. शेवटी मीच झगा उतरवून मावशींना दिला. दोघींना टाळ्या खूप पडल्या. मी मात्र मोबाइल वर धरून डोळे लपवले. आता मावशी गावी असतात, लेक कॉलेजात जाते. तरी त्या दोघी फोनवर खिदळू लागल्या की मी दार ढकलून विचारतेच, "काय गं, कशावर हसताय?"