गोंदणाऱ्या मावशींची मेंदी

"झालं, झालंच. रडू नको," असं म्हणत मावशी समोरच्या बाईचं मनगट घट्ट धरायच्या. समोरची बाई रडत नसायची. मेंदीच्या कोनानं दुखत नाही, हे मावशींच्या हाताला पटायला दोन महिने लागले.

हर्सूलला मेंदी शिकवणाऱ्या आपांच्या घरी दुपारी क्लास चालायचा. माझा नवरा वाळूजला कंपनीत, मुलं शाळेत, म्हणून मी नाव घातलं होतं. बाकीच्या कॉलेजच्या मुली. वयानं मोठ्या अशा आम्ही दोघीच: मी चाळिशीची, मावशी साठीच्या. त्यामुळं एकमेकींच्या हातावर सराव करायला आपांनी आमची जोडी लावून दिली.

मावशींनी उभी हयात जत्रांत आणि उरुसांत बसून बायकांना गोंदलं होतं. आता पोरं दुकानात जाऊन मशीननं टॅटू काढतात, सुईवालीकडं कोण बसणार? म्हणून त्या मेंदी शिकायला आल्या असतील, असं मी धरून चालले होते.

पहिले पंधरा दिवस आम्ही प्लास्टिकच्या कागदावर रेघा ओढायचो आणि ओल्या फडक्यानं पुसायचो. मावशींचे ठिपके मोजून ठेवल्यासारखे यायचे, पण वेल काही पुढं सरकायची नाही. टोक टेकवायचं, उचलायचं, पुन्हा टेकवायचं.

"मौशी, ये सुई नहीं है," आपा म्हणायच्या. "उठाओ मत, खींचो."

"खेचते की. हात ऐकत नाय."

एकदा त्यांनी कोन इतका दाबला, की मेंदी मागून फुटून माझ्या साडीवर आली. पदरानं पुसत त्या म्हणाल्या, "घे वाळूजवाले, लुगडं गोंदलं तुझं."

मग एके दिवशी आपांनी नवरीची मेंदी शिकवायला घेतली. नक्षीत नवऱ्याचं नाव लपवायचं असतं. सरावाला प्रत्येकीला नावाची चिठ्ठी मिळाली. मावशींना वाचता येत नव्हतं. त्यांनी चिठ्ठी माझ्यापुढं धरली.

"मोठ्यानं वाच."

मी वाचलं.

"अजून एकदा. न् कुणाचं हाय ते बी सांग."

मुली हसल्या. नंतर नळावर हात धुताना मी विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं.

फार वर्षांपूर्वी एका उरुसात पंधरा-सोळा वर्षांची पोरगी चिठ्ठी घेऊन आली होती. "भावाचं नाव हाय म्हनली. मी अक्षर बघून गोंदलं. भावाचं नव्हतं ते." पुढच्या वर्षी त्याच उरुसात ती पोरगी शेजारच्या बांगडीवाल्याकडं आली. नाव होतं तिथली कातडी जळून आखडलेली. "घरच्यांनी बिब्बा लावून जाळलं."

"तुम्हाला काही बोलली?"

"नाय. बगितलं माझ्याकडं. बांगड्या भरल्या न् गेली."

त्यानंतर मावशींनी कुणाचंच नाव गोंदलं नाही. हात पुसून झाल्यावर त्या म्हणाल्या, "हे पंधरा दिसांत जातं नव्हं?"

"जातं की."

"बेस हाय."

त्या कशासाठी शिकायला आल्या होत्या, ते मला तेव्हा कळलं.

क्लास संपत आला तेव्हा आपांनी आम्हा दोघींना मुकुंदवाडीला एका लग्नघरी पाठवलं. खोली बायकांनी भरलेली. नवरीनं मोबाइलवर नवऱ्याचं नाव दाखवलं.

"मोठ्यानं वाच," मावशी म्हणाल्या.

बायका हसायला लागल्या. नवरी लाजली, मग खाली बघत राहिली. मावशींनी कोन खाली ठेवला.

"तुला करायचंय ना बाई हे लगीन? मनात नसंल तर सांग. नाव लिवनार नाय मी."

नवरीची आई भडकली. "मेंदी काढायला आलात का चौकशीला?" मी मावशींचा दंड धरून त्यांना उठवायला लागले. तेवढ्यात नवरीनं नाव घेतलं, आडनावासकट, बाहेर मांडवात ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. सगळं घर हसलं. आई तेवढी हसली नाही.

मावशींनी मोबाइल शेजारी ठेवून एकेक अक्षर बघत ते नाव तळहातावर उतरवलं. तांदळाएवढं अक्षर. इतका स्थिर हात मी अजून पाहिलेला नाही.

आईनं आपांकडं तक्रार केली. "मौशी, आप जज हो क्या?" आपा म्हणाल्या.

"इचारायला काय जातं?"

आपांनी त्यांना पुन्हा लग्नाला पाठवलं नाही. उन्हाळ्यात मावशी फर्दापूरला मुलाकडं राहायला गेल्या. तो तिथं पर्यटकांना गारगोट्या विकतो. त्याचाच फोन नंबर माझ्याकडं होता, तो पुढं लागेनासा झाला.

हिवाळ्यात पाहुण्यांना घेऊन अजिंठ्याला गेलो, तेव्हा फर्दापूरला चहा घेताना मी टपरीवालीला मावशींबद्दल विचारलं.

"आमच्या मेंदीवाल्या मावशी? त्या खालच्या गावात लग्नाला गेल्यात. संध्याकाळी येतील."

मी अर्धा तास थांबले. गाडीत बसलेले पाहुणे हॉर्न वाजवायला लागले.

"काय सांगू त्यांना?" टपरीवालीनं विचारलं. "नाव काय तुमचं?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मावशींनी माझं नाव कधी विचारलंच नव्हतं.

"सांगा, वाळूजवाली येऊन गेली," मी म्हणाले आणि गाडीत बसले.