खाडीवरून काढलेला गोल

आमच्या अंगणातून सरकारी दवाखान्याची पाटी दिसते. मधे फक्त खाडी आहे. भरतीला होडी चालते. ओहोटीला नुसता चिखल, मग खाडीला पूर्ण वळसा घालून रस्त्याने जायचं.

अलिबागच्या ज्या कचेरीत मी नोकरीला लागले, तिथे फिरत्या दवाखान्याच्या गाडीचे थांबे ठरवायचं काम आलं. संगणकावरच्या नकाशात प्रत्येक वाडी म्हणजे एक नोड आणि रस्ते म्हणजे नोड जोडणाऱ्या रेघा. जे नोड दवाखान्यापासून लांब, त्यांना गाडी. माझ्या वरच्या सरांनी कोडमध्ये एवढंच लिहिलं होतं: दवाखान्याभोवती गोल काढ, आतले नोड वगळ.

आमची वाडी गोलाच्या आत पडली. म्हणजे जवळची. म्हणजे गाडी नाही.

खाडीचा बांध फुटून शेतात खारं पाणी शिरलं, तेव्हा वडिलांनी सरकारला जाब विचारणारी पत्रकं काढली; त्यांवरच मी वाचायला शिकले. गप्प बसणं काही मला जमत नाही.

"सर, तुमचा गोल पाण्यावरून गेलाय."

"अंतर बघ ना किती कमी आहे."

"मग अडलेल्या बाईने पोहत जायचं का?"

"मॅडम, आपल्याला नकाशा करायचाय, मोर्चा नाय काढायचा!"

जेवणाच्या सुट्टीत मी कोड बदलला. दवाखान्याच्या नोडपासून निघायचं, रेघांवरूनच पुढे जायचं, ठरलेल्या अंतरात जिथे पोचता येईल तेवढेच नोड जवळचे. आमची वाडी लगेच लांबच्यांत गेली.

सरांनी नीट पाहिलं. "बरोबर आहे तुझं," म्हणाले. आणि संध्याकाळी गोलाचाच नकाशा पाठवून दिला.

"वरच्यांनी गोल मागितलाय. रेघा समजावत कोण बसणार?"

माझा संताप झाला तो इथे. न कळणाऱ्याशी भांडता येतं, त्याला समजावता येतं. पण या माणसाला सगळं कळलं होतं, आणि तरी त्याने एका वाडीचा दवाखाना तोडला, कारण समजावण्याचा कंटाळा आला.

रविवारी मी पत्रक काढलं. वर त्यांचा गोल, शेजारी आमचा रस्ता, खाली एक ओळ: 'हा गोल काढणाऱ्याने ओहोटीला खाडी चालून दाखवावी.' धक्क्यावर वाटलं. आत्याने ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि पदर तोंडाला लावून हसली.

"नको गं बाय, बोलवू नको त्याला. रुतला तर काढायला आपल्यालाच जायला लागंल."

गाडी अजून आलेली नाही. पत्रकं संपली, म्हणून आणखी छापायला टाकली आहेत. या वेळी तालुक्याच्या कचेरीसमोर वाटणार आहे, आणि आत्या बरोबर येते म्हणाली आहे.