एररचा रकाना

सबनीससाहेब गेल्याची बातमी ठाण्याहून, त्यांच्या घरून, टेलिफोनवर आली, तेव्हा मी नोंदवहीत आकडा लिहीत होते. रिसीव्हर खाली ठेवला, उरलेला आकडा पुरा केला आणि मग पाहिलं, तर तो चुकला होता. मी त्यावर एकच आडवी रेघ मारली. ती रेघ त्यांचीच शिकवण. आमच्या प्रयोगशाळेत खोडरबर आणि ब्लेड या दोन्हींना मज्जाव होता. चुकलेला आकडा रेघेखाली वाचता आलाच पाहिजे, शेजारी कारण आणि सही हवी, आणि त्याखाली तपासणाऱ्याची दुसरी सही.

कल्याणच्या अलीकडच्या त्या औषध कारखान्यात मी रुजू झाले, तेव्हा प्रयोगशाळेत मी एकटीच स्त्री होते. सबनीससाहेब आमचे मुख्य रसायनतज्ज्ञ. ही गोष्ट घडली तेव्हा मला तिथं पाच महिने झाले होते, सहाव्यात नोकरी कायम व्हायची होती, आणि मॅनेजरांनी पहिल्याच दिवशी सुनावलं होतं की बायका इथं टिकत नाहीत. टिकून दाखवायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

त्या महिन्यात नवजात बाळांच्या डोळ्यांत घालायच्या थेंबांची तपासणी माझ्याकडे होती. चार वेळा मोजलं, चारही आकडे शेवटच्या अंकापर्यंत जुळले. मला अभिमानच वाटला. अहवालावर साहेबांची सही झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी काचसामान धुताना पिपेटच्या, म्हणजे औषध मोजून घ्यायच्या काचनळीच्या, मानेवरचा अंक दिसला... वीस. मी हिशेब पंचवीस सी.सी.चा केला होता. याचा अर्थ औषध ठरल्याप्रमाणे एक टक्क्याचं नव्हतं, सव्वा टक्क्याचं होतं, बाळांच्या डोळ्यांना फार तीव्र. चारही आकडे जुळले होते, कारण चारही वेळा तेच पिपेट हातात होतं. आणि खोकी घेऊन लॉरी अर्ध्या तासापूर्वी पुण्याला निघाली होती.

मी साहेबांच्या खोलीत गेले. तिथं नेमके मॅनेजर बसलेले. सगळं ऐकून ते शांतपणे म्हणाले, “त्या एररच्या रकान्यात जरा मोठा आकडा टाका ना, मिस लेले. तेवढ्यासाठी लॉरी परत फिरवायची?”

मला तो आकडा टाकायचा होता, हे मी इथं लपवत नाही. एरर काय नि मिस्टेक काय, घरी दोन्ही शब्दांना आम्ही ‘चूक’च म्हणतो, एक खोडून दुसरा लिहायला कितीसा वेळ लागतो?

“तो रकाना हात थरथरतो त्यासाठी आहे,” सबनीससाहेब म्हणाले. “कुणीही मोजलं तरी जो फरक राहतो, तो एरर. चुकीचं पिपेट उचललं ही मिस्टेक. तिला रकाना नाही, लेलेबाई. ती नावानिशी लिहायची.” मग टोपी उचलून म्हणाले, “चला. जीप काढायला सांगतो.”

जीप शीळफाट्याकडे निघाली. लॉरी पनवेलच्या रस्त्याला लागली असती तर तिला गाठणं अवघड होतं. मी समोरून येणाऱ्या प्रत्येक वळणाकडे पाहत होते आणि मनात कुठल्याशा प्रसूतिगृहातली बाळं मोजत होते. फाट्यावर लॉरी उभी दिसली. ड्रायव्हर चहा पीत होता.

“सायेब, तुमी सोता?” मग माझ्याकडे पाहून, “न् बाईला पन आनलंय? मंग काय तरी मोटाच घोटाला झालाय.”

“झालाय,” साहेब म्हणाले. “चहा संपव. माझ्यासाठी एक सांग, बाईंसाठी दोन.”

परतल्यावर मी आकड्यावर रेघ मारली, ‘मिस्टेक’ लिहिलं आणि सही केली. तेवढ्यावर प्रकरण थांबेल असं मला वाटलं होतं. साहेबांनी वही ओढून घेतली आणि खाली लिहिलं: पिपेट न पाहता सही केली, मिस्टेक माझीही. मॅनेजर पाहत होते. माझी नोकरी सहा महिने उशिरा कायम झाली. त्यांची ठरलेली बढती मात्र दुसऱ्याला मिळाली, आणि पुढच्या चार वर्षांत, अगदी ते जाईपर्यंत, त्यांनी तो विषय एकदाही काढला नाही. मीही काढला नाही. आभार मानायला हवे होते... ते राहिले.

परवा, महिन्याभरानं, बातमीच्या दिवशीचं ते पान मी पुन्हा उघडलं. रेघेखालचा आकडा स्वच्छ वाचता येत होता. शेजारी कारण लिहायचं राहून गेलं होतं. त्या दिवशी माझा हात खरोखरच थरथरला होता, आणि एररचा रकाना समोर रिकामा होता. मी त्यात काही लिहिलं नाही. आकड्याशेजारी ‘मिस्टेक’ लिहिलं, सही केली, आणि सवयीनं वही उचलून त्यांच्या खोलीकडे चालू लागले.