हिंदुरावाचा फोन

आमच्या आळीतला ज्ञानेश आता कासारवाडीला राहतो आन पिंपरीच्या एका कंपनीत मोटरसायकलीच्या मीटरचे प्रोग्राम लिहितो. प्रोग्राम तयार व्हतो तुकड्या-तुकड्यानं. ते जोडून एक फाईल करणाऱ्याला लिंकर म्हणत्यात. कुठला तुकडा कुठं बसवायचा, फाईल कुठल्या साच्यात काढायची, हे त्याला सांगावं लागतं. ते सांगणं म्हंजे लिंकर स्क्रिप्ट. ऑफिसात ती एकट्या ज्ञानेशला कळायची. चाकणच्या लाइनीवर मीटरात प्रोग्राम भरणारं मशिन अडलं, की तिथला सुपरवायझर हिंदुराव ह्यालाच फोन लावायचा. "ज्ञानबा, तुझ्याबिगर हलत न्हाई बघ." फोन ह्यो मुद्दाम स्पीकरवर घ्यायचा.

मग सोलापूरची स्वप्नाली आली. वरीस उलटायच्या आत हिंदुरावाचे फोन तिच्याकडं वळले. ज्ञानेशच्या पोटात जे दुखायला लागलं ते ओवा खाऊन थांबंना.

"चटणी घ्या की सर, शेंगाची हाय," डबा उघडून ती म्हणायची.

"मला पित्त हाय," म्हणून ह्यो उठायचा. वास झकास यायचा, त्याचाच जास्ती राग.

नव्या मीटरची स्क्रिप्ट तिनं कोरी लिहिली आन तपासायला ह्याच्याकडं धाडली. ह्यानं पहिल्याच नजरंत हेरलं, आउटपुट फॉरमॅटची, म्हंजे साचा सांगायची ओळ राहिलीया. ती नसली की लिंकर आपल्या सवयीनं ईएलएफ साच्यात फाईल काढतो, आन चाकणचं मशिन तर फकस्त एस-रेकॉर्ड साच्यातली फाईल खातं. ज्ञानेशनं 'बराबर हाय' म्हणून पास केली. अडू दे. मग बघू फोन कुणाला येतो.

सोमवारी अडलं. ज्ञानेश मोबाइल पुढ्यात ठिवून बसला, चहाला सुदीक उठला न्हाई. वाजला तो शेजारच्या टेबलावरचा स्वप्नालीचा. ह्याला काय राहवंना. गाडी काढली, मोशीच्या ट्रॅफिकला शिव्या हासडत चाकण गाठलं. ती ओळ आपुनच सांगायची, चारचौघात.

बघतो तर लाइन चालू.

"तू कशाला आलास रं?" हिंदुराव म्हणला. "म्याडमनी दुसरी फाईल धाडली बी. एक ओळ राहिली हुती म्हणं. तुझ्याच जुन्या स्क्रिप्टीत घावली तिला."

"मग मला इचारायचं तरी!"

"काय इचारायचं? लिहिलेलीच हुती की." हिंदुराव हसला. "लई गुणाची पोरगी, राव. म्हणली, सरांनी तपासून बी त्यांच्या नजरंतनं सुटली, तिथं माझी काय कथा!"

मला दिसली हुती, हे ज्ञानेशच्या पार जिभंवर आलं. पर दिसली हुती म्हणावं तर पास का केलीस, न्हाई म्हणावं तर मग तुला येतं काय?

"आलाच हायस तर ह्ये ट्रे धर, भावा. पोरं कमी हायती आज."

दोन्ही हातांत मीटरचे ट्रे घिऊन ज्ञानेश हुबा, आन हिंदुरावाचा फोन वाजला. त्यानं स्पीकर चालू केला. "काका, चाललं का मशिन?" स्वप्नालीचा आवाज समद्या लाइनीवर गेला.

"पळतंय की! तुझ्याबिगर हलत न्हाई बघ, पोरी."

कान झाकायला ज्ञानेशचा एक बी हात मोकळा नव्हता.