येतली

माईकचं बटण दाबण्याआधी ते मान डावीकडे वळवून घसा खाकरायचे आणि खोलीतल्या आम्हा लोकांकडे बघून एक बोट वर करायचे. म्हणजे गप्प बसा. मग बटण, आणि मग तो आवाज. “प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. कसालमार्गे कणकवलीला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे.” बटण सुटलं की लगेच खिडकीतल्या बाईकडे वळून, “गो बाय, ती तुजी न्हय. तुजी येतली. वायच रव.”

तुम्ही कधी आमच्या स्टँडवर गाडीसाठी ताटकळला असाल तर तुम्ही त्यांना पाहिलं नसेल, पण ऐकलं नक्की असेल. कंट्रोलरच्या खोलीला एवढीशी खिडकी. बाहेरून दिसायचे ते फक्त पांढरे केस आणि कॉलरमध्ये खोचलेला रुमाल. आवाज मात्र भरलेला, खालच्या पट्टीतला. भोंगा फाटका असूनही तो आवाज कधी फाटका वाटला नाही. त्याच खोलीत कोपऱ्यातल्या टेबलावर मी अकरा वर्षं पास देत बसलो. मी त्यांना काका म्हणायचो. कंडक्टर लोक मागे ‘येतलीकाका’ म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं, आणि आवडतही असावं.

कारण गाडी कितीही उशिरा असो, त्यांचं उत्तर एकच, येतली, म्हणजे येईल. तोंडवलीची गाडी? येतली. धामापूरची? येतली. वरून फोन येऊन गाडी रद्द झाल्याचं पक्कं कळेपर्यंत ‘रद्द’ हा शब्द त्यांच्या तोंडून निघायचा नाही. मला ह्याचा भयंकर राग यायचा. मला वाट बघणं जमत नाही. हॉटेलात चहा पाच मिनिटांत आला नाही तर मी उठून जातो, आणि बायकोच्या मते हे माझ्या सगळ्या दुर्गुणांचं मूळ आहे.

“काका, तुमका म्हायत नाय तर तसां सांगा मां. लोकांका फसवतास कित्याक?”

“फसवतंय खंय? मी टाइम सांगलंय? येतली, इतक्यांच म्हटलंय.”

“आणि नाय इली तर?”

“अजून इली नाय हां. येवची नाय म्हणान तुका कोणी सांगलां?”

मी पासावर शिक्के मारत बसायचो.

एकदा जुलैत रस्त्यावर झाड आडवं झालं. धामापूरचे एक आजोबा बहिणीकडे येऊन परत घरी निघालेले, दोन तास बाकावर बसले होते. काका जेवायला आत गेलेले. मी खिडकीतून आजोबांना सांगितलं, आज काही गाडी येत नाही, बहिणीकडे जा परत. ते गेले. वीस मिनिटांनी गाडी दुसऱ्या रस्त्याने वळसा घालून आली. काका बाहेर आले, बाक बघितला. “ते आजोबा खंय?” मी सांगितलं. ते ड्रायव्हरला “दोन मिनटां रव” म्हणून छत्री घेऊन निघाले आणि रिक्षा स्टँडपाशी म्हाताऱ्याला गाठून हाताला धरून घेऊन आले. दोघंही चिंब. संध्याकाळपर्यंत माझ्याशी अबोला. मग घरी जाताना सायकलचं कुलूप काढत म्हणाले, “गाडी इली आणि माणूस नाय. असां परत माज्या खोलीत होवचां नाय, आयकलंस?”

पण सगळ्याच वेळा गाडी आली असं नाही, हेही सांगायला हवं. एक मुलगी होती, कसालला मुलाखतीला निघालेली, हातात प्लास्टिकची फाईल. गाडीचा पत्ता नाही. बाकीचे लोक मिळेल त्या जीपने गेले. ती काकांवर भरवसा ठेवून बसली. ती गाडी त्या दिवशी आलीच नाही. काकांनी शेवटी रस्त्यावर उभं राहून एक टेम्पो थांबवला, ड्रायव्हरच्या हातापाया पडून तिला बसवून दिलं. ती पोचली तेव्हा तिथलं सगळं आटपलं होतं. हे तिनेच दोन दिवसांनी खिडकीपाशी येऊन सांगितलं, चिडून नाही, नुसतं सांगितलं. काकांनी दुपारी डबा उघडला आणि तसाच बंद केला.

“चुकलंय रे,” ते म्हणाले.

“मी सांगत होतंय तुमका,” मी म्हणालो. हे म्हणायची काही गरज नव्हती. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्यानंतर ते ‘येतली’ म्हणताना जरा थांबायचे. म्हणायचे मात्र तेच.

ते ख्रिस्ती होते. चर्चपलीकडच्या वाडीत घर, घरात ते आणि काकी, मूलबाळ नाही. खिशात जपमाळ आणि खडीसाखरेची पुडी एकत्रच असायची, त्यामुळे माळेचे मणी कायम चिकट. दर रविवारी चर्चमध्ये ते गात. डिसेंबर लागला की मी त्यांना छेडायचो, आता काय कार्यक्रम? “आता चार आयतवार वाट बगूची. येसू येवचो आसा.” मग फेब्रुवारी-मार्चमध्ये चाळीस दिवसांचा उपवासकाळ. मासळी बंद, चहात साखर बंद. मी म्हणायचो, काका, तुमच्यात अर्धं वर्ष वाट बघण्यात आणि अर्धं उपाशी राहण्यात जातं, मग जेवता कधी? ते पोट धरून हसायचे.

एकदा मी खरंच विचारलं. खिडकीवर कोणी नव्हतं.

“काका, मेललीं माणसां उठतली, ह्यां तुमका खरां वाटता?”

“उठतलीं.”

“कदी?”

“तां टायमटेबलात नाय.”

आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला पुढे थट्टा करवेना.

आता वाईट भाग सांगतो. गेल्याच्या आदल्या वर्षी दिवाळीपासून त्यांचा आवाज बसला. आधी आम्ही धुळीला दोष दिला, मग थंडीला. ज्येष्ठमध झालं, काढे झाले, काकींनी मिरी घालून दूध दिलं. नाताळात ते तसेच घोगऱ्या आवाजात गायले. जानेवारीअखेर माईकवरून ‘कसालमार्गे’ म्हणताना आवाज मध्येच तुटला, आणि मी त्यांना जबरदस्तीने मोठ्या इस्पितळात घेऊन गेलो. दुर्बिणीतून बघितलं, घशात गाठ दिसली, तिचा तुकडा काढून तपासायला पाठवला. आठ दिवसांनी डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं की स्वरयंत्र सगळंच काढावं लागेल. जगायचं असेल तर दुसरा मार्ग नाही.

काकांनी एकच प्रश्न विचारला, इस्पितळातल्या शुद्ध मराठीत. “डॉक्टर, ईस्टरनंतर केलं तर चालेल का?”

“कशासाठी थांबायचं? गाठ थांबणार नाही.”

तारीख ठरली ती उपवासकाळाच्या मधोमध. परत येताना गाडीत त्यांनी मला समजावून सांगितलं. त्यांच्यात ‘आलेलुया’ म्हणून एक शब्द आहे. देवाची स्तुती करा, एवढाच अर्थ. वर्षभर तो मिसात, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या प्रार्थनेत, गातात, पण उपवासकाळ लागला की तो शब्द बंद. चाळीस दिवस चर्चमध्ये कोणी उच्चारत नाही. मग ईस्टरला, येशू उठला म्हणून, पहिल्यांदा तो गायचा. “वर्साचां सगळां गाणां एका बाजूक,” काका म्हणाले, “आणि तो येक शबुद एका बाजूक. तेच्यासाठी मी गातंय.” गळ्यावर हात होता त्यांचा. आता तो शब्द गायला त्यांच्याकडे आवाज उरणार नव्हता. डॉक्टरांकडून त्यांना तीनच आठवडे हवे होते, ते ह्या एका शब्दासाठी.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी आम्ही वॉर्डच्या व्हरांड्यात बसलो होतो. काकी कसल्याशा कागदांवर सही करायला गेल्या होत्या. मला राहवेना.

“काका, तो तुमचो शबुद एकदा म्हणा. हंयच. माका आयकवा.”

“उपासाचे दीस रे. आता म्हणूचो नाय तो.”

“कोण बगता? उद्या काय होवचां आसा तां तुमच्या देवाक समाजता मां?”

“समाजता.”

“मगे?”

समोर कोणाचे तरी धुतलेले टॉवेल वाळत होते, तिकडे ते बघत राहिले. ओठ हलले, मला वाटलं आता म्हणतील. मग त्यांनी मान हलवली.

“आज म्हटलंय तर ईस्टराक काय?”

“ईस्टराक तुमचो आवाज रवचो नाय, काका!” मी ओरडलोच. दोन नर्स वळून बघायला लागल्या.

“ईस्टर रवतलो मां,” ते म्हणाले.

मला इतका संताप आला की मी उठून खाली चहाला गेलो. परत येईपर्यंत त्यांना कसल्या तरी तपासणीला नेलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ऑपरेशनला. त्यांच्या आवाजातलं मी ऐकलेलं शेवटचं वाक्य ते. चहा तर धड गरमही नव्हता.

ईस्टर वॉर्डातच गेला. त्या रविवारी मी भेटायला गेलो. नाकात नळी, गळ्याला भोक, त्यावर पट्टी. मला बघून त्यांनी पाटी घेतली, तिच्यावर मोठ्या अक्षरांत ‘ईस्टर’ लिहिलं आणि माझ्यासमोर धरली. नर्स बाजूला औषध काढत होती. तिने घाईत वाचलं आणि म्हणाली, “सिस्टर मीच आहे काका, काय हवंय?” काकांचे खांदे हलायला लागले. आवाज न करता ते इतके हसले की नळी निघेल म्हणून तिने त्यांना दटावलं. मीही हसलो आणि मग बाहेर जाऊन रडलो.

पुढे त्यांना गळ्याला लावायचं एक यंत्र मिळालं. ते धरून बोललं की चक्की चालल्यासारखा एकसुरी आवाज येतो. पावसाळा संपल्यावर एकदा ते स्टँडवर आले, आपल्या जुन्या खुर्चीत बसले. आता घोषणा माझ्याकडे होत्या. खिडकीत एक बाई आली, तोंडवलीची गाडी कधी म्हणून. काकांनी यंत्र गळ्याला लावलं आणि म्हणाले, “ये-त-ली.” बाईने भोंग्याकडे बघितलं आणि मला विचारलं, “माईक बिघाडलो काय हो?” काकांनी हसून यंत्र खिशात ठेवलं. नंतर ते स्टँडवर फारसे आले नाहीत.

त्या यंत्रावर ते घरी एकच शब्द घोटत होते, हे काकींनी मला पुढे सांगितलं. पुढच्या ईस्टरसाठी. चार अक्षरं, रोज जेवणानंतर, ओटीवर बसून. राखेच्या बुधवारी उपवासकाळ लागला तसं घोटणंही थांबवलं. तोवर मानेत पुन्हा गाठ आली होती. ह्या खेपेला डॉक्टरांनी तारीख दिली नाही.

ते गेले तेव्हा ईस्टरला पंधरा दिवस होते.

मी मयताला गेलो. चर्चमध्ये कधी बसा, कधी उभे राहा, मला काही कळत नव्हतं. पुढच्या माणसाकडे बघून करत होतो. पण मी वाट बघत होतो. मला वाटत होतं, आज तरी, ह्या माणसासाठी तरी, ते लोक तो शब्द म्हणतील. गाणी झाली, प्रार्थना झाली, शवपेटीवर पाणी शिंपडलं. दफनभूमीत माती पडली. शब्द आला नाही. मी काकींना विचारलं, जरा रागानेच, “आज सुद्दा नाय?”

“ना रे. उपासकाळात मयताक सुद्दा नाय म्हणत,” त्या म्हणाल्या. “आणि तेंका चललां नसतां.” त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. माझ्या होतं. ज्या देवाला पंधरा दिवस थांबता आलं नाही, त्याच्यावर मी अजून रागावलेलो आहे. काकी रागावलेल्या नाहीत, आणि त्याचाही मला कधीकधी राग येतो.

ईस्टरला मी ड्युटी बदलून घेतली आणि सकाळच्या मिसाला गेलो. शेवटच्या बाकावर बसलो. गाणारी सहा माणसं होती. सगळे उभे राहिले आणि तो शब्द आला. तीनदा म्हटला. काकी पहिल्या रांगेत होत्या, पाठीकडून मला फक्त त्यांचा पांढरा रुमाल बांधलेलं डोकं दिसत होतं.

बाहेर आल्यावर त्यांनी मला शोधून काढलं.

“आयकलंस?”

“आयकलंय, काकी.”

“खालचो सूर तेंचो. तो धरणारो दुसरो कोण नाय आता. कळलां मां तुका, खाली कितक्यां रिकामां लागता तां?”

मी मान हलवली. खरं सांगायचं तर मला काहीच कळलं नव्हतं. सहा जणांचं गाणं मला भरलेलंच वाटलं होतं. काय गेलंय ते कळायला, ते असताना एकदा तरी ऐकलेलं असावं लागतं. अकरा वर्षं दर ईस्टरच्या आदल्या आठवड्यात ते मला सांगायचे, “आयतवारी ये रे चर्चीत, आयक वायच.” आणि अकराही वर्षं पासाच्या शिक्क्यावरून मान वर न करता मी म्हटलं होतं, “येतंय, काका.”